मिटल्या तोंडाचा ख्रिस्त

९ फेब्रुवारी

धाकटे,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस. दिवसभर ब्रश धरून बोटं आखडतात आणि पेन हातात घेतलं की तेही ब्रशासारखंच धरलं जातं.

ईस्टरच्या आधीचे हे दोन महिने आमच्या कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते. साचेवाले काका सकाळी साच्यातून क्रूसावरचे ख्रिस्त काढतात, ते फळ्यांवर वाळतात आणि मग माझ्या टेबलावर येतात. अंगाचा रंग दुसऱ्या मुली देतात. चेहरा आणि जखमा माझ्याकडे. मालक गिऱ्हाइकांना सांगतो, ताईंच्या हातचं रक्त दुसऱ्या कुणाला जमत नाही. ऐकायला कसंसंच वाटतं, पण त्याच्याकडून मिळणारी शाबासकी ती एवढीच.

आता मुद्द्याचं बोलते. तू माझ्यावर चिडली आहेस. दफनाच्या दिवशी मी तुला चर्चमधून उठवून बाजूच्या खोलीत नेलं, हा तुझा राग. अगं, तुला जरा हवा लागावी म्हणून नेलं. फादर कपडे बदलतात त्या खोलीत खुर्ची आहे, खिडकी आहे. नंतर दार तुला उघडता आलं नाही म्हणतेस, तर ते दार जुनं आहे, फुगतं. त्यात माझा काय दोष? आणि घरचं कुणीतरी लोकांसमोर उभं राहायला हवं होतं. जावईबापूंनी तर पेटीला खांदा दिला होता. मग उरलं कोण? मीच ना.

ओठ बरा झाला असेल. माझ्या अंगठीचा खडा लागला बहुतेक.

आई गेल्यावर मी तुला वाढवलं, तेव्हा दोन शब्द सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. तुझं दुःख मोठं आहे, नाही कोण म्हणतंय? सात वर्षांचं लेकरू तापानं फणफणतं काय आणि हातातून जातं काय. बोकोबा माझाही कुणीतरी होता. माझ्याकडे आला की दुधाच्या पातेल्यात तोंड घालायचा, ते नाव मीच ठेवलेलं. पण दुःख झालं म्हणून माणसानं भर चर्चमध्ये जमिनीवर लोळायचं? फादर प्रार्थना म्हणताहेत, अर्धं गाव मागे उभं आहे, आणि तू गळा फाडून ओरडते आहेस. मागच्या बाकावरच्या बायका माना उंचावून बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एकदा तरी क्रूसावरच्या त्याच्या दुःखाशी आपलं दुःख ताडून बघ. काही गुन्हा नसताना हातापायांत खिळे. सगळे मित्र पळालेले. डोळ्यांसमोर त्याच्या कपड्यांची वाटणी. आणि तरी ओठ मिटलेले. मी रोज बघते. इतकी वर्षं त्या तोंडावरून ब्रश फिरवते आहे, एकदाही ते उघडं दिसलं नाही. आणि त्याची आई खाली उभी होती. तिचाही मुलगाच होता ना तो? ती कुठे लोळली?

तू आपली त्या आईकडे बघ आणि शांत हो. रागानं सांगत नाही. तब्येतीला जप, जेवत जा.

ताई

२६ फेब्रुवारी

धाकटे,

काल जावईबापूंचा कारखान्यात फोन आला होता. मालकाच्या टेबलावर फोन, समोर दोन गिऱ्हाइकं, माझे हात रंगानं लाल. रिसीव्हर खांद्यात धरून बोलले.

ते म्हणाले, "ताई, ती आता रडत नाही."

मी म्हटलं, "देवाची कृपा."

ते म्हणाले, "बोलतही नाही."

मी म्हटलं, "येईल हळूहळू. मन शांत झालं की माणूस कमीच बोलतं."

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "बरं, ठेवतो," आणि ठेवला.

खरं सांगते, मला बरं वाटलं. माझं पत्र पोचलं, तू ते वाचलंस, तुला पटलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मालकानं विचारलं, काही वाईट बातमी का? मी म्हटलं, उलट चांगली, बहिणीनं धीर धरला. दुपारभर मी खुशीत काम केलं. दोन ख्रिस्तांच्या बरगड्यांवरची जखम इतकी छान साधली की साचेवाले काका टेबलापाशी थांबून बघून गेले.

घरी आल्यावर मात्र जावईबापूंचं ते गप्प होणं कानात बसलं. ते काही मला खुशखबर द्यायला फोन करणाऱ्यांतले नाहीत. म्हणून आज दुपारी मीच केला. तू बाहेर गेली होतीस. मग त्यांनी सगळं सांगितलं. दुकानात तू बोट दाखवून वस्तू मागतेस. शेजारीण बोलायला आली की तिच्याकडे बघत राहतेस, ती कंटाळून उठेपर्यंत. परवा दूध उतू जात होतं, तू शेजारीच उभी होतीस आणि बघत राहिलीस. गॅस त्यांनी येऊन बंद केला. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही.

एवढंही गप्प राहू नये माणसानं. मी शांत हो म्हटलं होतं. तू लहानपणी एवढी रडायचीस की बाबा तुला भोंगा म्हणायचे. शेजारचे तुझ्या रडण्यावर घड्याळ लावतात, अशी त्यांची थट्टा होती. घरात तुझा आवाज नाही ही कल्पनाच मला करता येत नाही. जावईबापूंना कसं होत असेल?

मला एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

ताई

१७ मार्च

धाकटे,

तुझी ओळ आली नाही. मी तरी लिहिते.

परवा कारखान्यात एक नवे फादर आले होते. तरुण आहेत, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. त्यांच्या चर्चला मोठा क्रूस हवा होता. मालकानं त्यांना आमचे सगळे नमुने दाखवले, डोकं उजवीकडे कललेला, डावीकडे कललेला, डोळे मिटलेला, डोळे वर केलेला. ते सगळं बघून म्हणाले, "मला तोंड उघडं असलेला हवाय."

मालकाला वाटलं, चेष्टा चाललीय. "उघडं म्हणजे किती, फादर?"

"ओरडताना असतं तेवढं."

मला राहवलं नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मध्ये तोंड घातल्याशिवाय घास उतरत नाही. मी टेबलावरूनच म्हटलं, "फादर, तो ओरडला नाही. त्यानं मुकाट्यानं सोसलं."

हे मी एका फादरला सांगितलं, धाकटे. तेही हातातला ब्रश त्यांच्याकडे रोखून.

ते हसले नाहीत, रागावले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "ताई, पवित्र शुक्रवारचं वाचन आठवा. दुपारी अंधार पडला, आणि मग?"

मला आठवलं. कुणाला आठवणार नाही? पोरवयापासून दरवर्षी ऐकते आहे. मी म्हटलं, "मग त्यानं मोठ्यानं हाक मारली."

"कुणाला?"

"देवाला."

"आणि काय विचारलं?"

मी ब्रश खाली ठेवला. उत्तर त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. देवानं आपल्याला का सोडलं, हे त्यानं विचारलं.

मालकाला या शास्त्रार्थात रस नव्हता. तो म्हणाला, "फादर, खरं सांगू का, साच्यात उघडं तोंड जमत नाही. साचा तोंडात शिरून अडकतो आणि ओढला की ओठ तुटतो. पूर्वी आम्ही करून बघितलंय. डझनभर काढले तर त्यातले दोन धड निघायचे. म्हणून सगळे मिटलेले." मग जरा विचार करून म्हणाला, "एकच हवा असेल तर ताई हातानं कोरून देतील."

फादर हो म्हणून गेले. मी दिवसभर तणतणत होते. या कालच्या पोरांना काय कळतं, असं पुटपुटत होते. संध्याकाळी ब्रश धुताना एकदम हात थांबला.

साच्याचं ते मला आधीपासून माहीत होतं. मालकापेक्षा जास्त माहीत होतं, कारण ते तुटलेले ओठ पुट्टी लावून भरायला माझ्याकडेच यायचे. आणि वाचनही माहीत होतं, तोंडपाठ म्हण ना. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. मी चर्चमध्ये कानांनी ओरडणं ऐकत होते आणि कारखान्यात डोळ्यांनी मिटलेलं तोंड बघत होते. रोज जे बघितलं तेच खरं वाटायला लागलं. साच्यातून सुटावं म्हणून मिटलेलं तोंड, आणि मी तुला त्याचा धडा दिला.

मला लाज वाटली. पण उगाच भलता अर्थ काढू नकोस. तुला खोलीत नेलं ते चुकलं असं मी म्हणत नाही. चर्चमध्ये काही रीत असते. फक्त त्या पत्रात त्याच्या तोंडाबद्दल जे लिहिलं ते चूक होतं, एवढं कळवायला हे पत्र.

ताई

५ एप्रिल

धाकटे,

ते उघडं तोंड कोरायला बसून पंधरवडा झाला. आधी ओल्या प्लास्टरमध्ये नुसती चीर पाडली. तो जांभई देतोय असं दिसायला लागलं. साचेवाले काका म्हणाले, "ताई, याला झोप आलीय." मग चीर मोठी केली, तर गाणं म्हणतोय असं वाटलं. शेवटी घरून आरसा नेला आणि जेवायच्या सुट्टीत सगळ्या मुली बाहेर गेल्यावर आरशात बघून ओरडायचं सोंग केलं. आवाज न काढता. दाढ दुखणाऱ्या बाईसारखी दिसत होते मी. माझं मलाच हसू आलं.

आरसा खाली ठेवला, आणि कळलं की खरं ओरडणारं तोंड मी पाहिलेलं आहे. अगदी जवळून, वीतभर अंतरावरून. तुझं.

वरचे दात दिसत होते. जीभ मागे ओढली गेली होती. ओठांच्या कडा इतक्या ताणल्या होत्या की पांढऱ्या पडल्या होत्या. एका बाजूला लाळेची तार होती. हे सगळं मी क्षणभरच पाहिलं, कारण मग त्यावर माझा हात होता.

आता लिहिते. आतापर्यंतच्या पत्रांत फिरवून फिरवून लिहिलं, ते सरळ लिहिते.

हवा लागावी म्हणून मी तुला नेलं नाही. फादर थांबले, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, माझीच अब्रू चाललीय. मी तुझ्या तोंडावर तळवा दाबला. नाकही अर्धं दाबलं गेलं असणार. तू मान झटकलीस, तशी मी आणखी जोरानं दाबला, आणि तेव्हा अंगठीच्या खड्यानं तुझा ओठ फाटला. माझ्या तळव्याला तुझं रक्त लागलं होतं. रोज रक्त रंगवणारी मी, ते रुमालाला पुसलं आणि रुमाल खिशात लपवला. तुला काखेत धरून त्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि बाहेर आले.

ते दार फुगत नाही. कडी मी लावली.

जावईबापूंना मी सांगितलं, तिला चक्कर आलीय, पडू दे. ते पेटीपाशी होते, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग सगळे मागच्या दफनभूमीत गेले आणि मीही गेले. तुझ्या मुलाला मातीत ठेवताना तू तिथे नव्हतीस, कारण मी तुला कोंडलं होतं. कारण लोकांनी काय म्हटलं असतं?

आणि वर तुला लिहिलं, त्याच्याकडे बघून शिक.

मी त्याचं सगळं पुन्हा आठवून पाहिलं, धाकटे. त्याला मारणाऱ्यांनी त्याला काय काय केलं, त्याची यादी तर माझ्या हातात बसलीय, रोज तेच रंगवते. चाबूक, काटे, खिळे, भाला. टोमणे मारले, थुंकले. पण तो ओरडला तेव्हा कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवला नाही. आंबट द्राक्षारसात बुडवलेला स्पंज काठीवर लावून एकानं पुढे केला, तो तरी पाजायला. त्याची आई सोडली तर तिथे जमलेले बहुतेक वैरी होते, आणि त्यांनी त्याला ओरडू दिलं. तुझ्याजवळ सख्खी बहीण होती.

मी मालकाला सांगितलं, मला हे तोंड जमणार नाही. तो म्हणाला, ताई, तुम्हाला आणि जमणार नाही? अर्धं झालंय की. मी म्हटलं, नाही जमणार. खोटं बोलले, जमलं असतं. डोळे मिटले की तुझं तोंड समोर येतं, नुसतं बघून कोरायचं बाकी होतं. पण मी ते त्या ख्रिस्ताला देणार नाही. एकदा तुझ्याकडून घेतलं तेवढं पुरे झालं. आता तुझं तोंड कोरून मी फादरांची वाहवा मिळवू? ते अर्धं डोकं मी फोडलं आणि तुकडे कचऱ्याच्या पिंपात टाकले. फादरना फोनवर माफी मागितली. ते बरं म्हणाले.

माफीचं बघ कसं असतं. त्यांच्याकडे एका दमात मागून मोकळी झाले.

ताई

१८ एप्रिल, पवित्र शुक्रवार

धाकटे,

आत्ताच चर्चमधून आले.

वाचन सुरू झालं तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. दरवर्षी मी त्या वेळी पुढच्या क्रूसाकडे बघते, कारण तो आमच्या कारखान्यातला आहे आणि त्याच्या गुडघ्यावरचा रंग मला अजून खटकतो. आज खाली बघत होते. वाचणारा त्या ओळीपर्यंत आला, आणि तो मोठ्यानं ओरडला हे शब्द त्यानं इतक्या हळू वाचले, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. मग सगळे गुडघे टेकून बसले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाकांवर सगळी मिटलेली तोंडं, माझंही त्यातच.

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, त्याच्या दुःखाशी तुझं ताडून बघ. ते मी आज स्वतः करून बघितलं. त्याचं दुःख जगाएवढं होतं, ते मी आजही मानते. पण त्याचं परवा संपतं. परवा सकाळी घंटा वाजतील, फुलं येतील, त्याच्या आईला तो परत दिसेल. तुझ्या घरी परवा काय आहे? रविवार आहे. बोकोबाचं ताट मांडायचं नाही हे तुला रविवारीही पुन्हा एकदा आठवावं लागेल. त्या आईनं तीन दिवस धीर धरला आणि मी तिच्याकडे बोट दाखवून तुला जन्मभराचा धीर मागितला.

असं बोलणं बरोबर की पाप, मला कळत नाही. फादरना विचारायचं धाडस नाही. पण त्याला स्वतःला राग येईल असं वाटत नाही, कारण देवाला जाब विचारणाऱ्यांतला तोही एक होता.

मी येऊ का? ईस्टर झाला की कारखान्यात काम नसतं. नको म्हणालीस तर दाराबाहेर पायरीवर बसेन आणि परतीची बस धरेन. आत यायचा हट्ट करणार नाही. जावईबापूंना फोन करून विचारते.

ताई

४ मे

धाकटे,

काल तुझ्याकडून परत आले. समोर होते तेव्हा ज्याचं उत्तर देता आलं नाही, ते लिहून देते.

जावईबापूंनी दार उघडलं. बारीक झालेत फार. मला दारातच हळूच म्हणाले, "पहिलं पत्र तिनं फाडलं. बाकीची वाचलीत." तू स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होतीस. मला बघितलंस आणि सोलत राहिलीस. मी बसमध्ये सगळं घोकून आले होते, आधी काय म्हणायचं, मग काय. पाय धरायचे का नाही, याचासुद्धा विचार केला होता. पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानंच सुरू झाले. माझं चुकलं, मी तुझी गुन्हेगार आहे, मला झोप लागत नाही, माझ्या जिवाची काय दशा झालीय. तोंडाची टकळी सुरू झाली ती थांबेना. आणि गंमत बघ, सगळं माझ्याच जिवाबद्दल.

तू उठलीस. हातातल्या शेंगा खाली ठेवल्यास, जवळ आलीस आणि माझ्या तोंडावर तळवा ठेवलास.

आधी मला वाटलं, पुरे म्हणते आहेस. मग तू दाबलंस. माझी पाठ फ्रिजला टेकली. तुझ्या हाताला कच्च्या मटारचा वास होता. दात आतून ओठांत रुतले, नाकानं नीट श्वास येईना, आणि मी तुझं मनगट धरायला हात वर केला. धरला नाही. तू माझ्याकडे सरळ बघत होतीस. जावईबापू "अगं" म्हणून उठले आणि परत खाली बसले. त्या दिवशी मी किती वेळ दाबलं होतं ते मला आठवत नव्हतं. तुला नेमकं आठवत होतं. तेवढा वेळ तू माझं तोंड धरून ठेवलंस.

मग हात काढलास आणि म्हणालीस, "आता सांग. तिथं काय पाहिलंस तू?"

घोगरा आवाज, ओळखू न येण्यासारखा. जावईबापूंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. इतक्या दिवसांनी तू पहिलं वाक्य बोललीस आणि ते मला विचारलंस. तुझ्या जागी कबरीपाशी मी उभी होते. तुझ्या डोळ्यांनी बघायचं ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. तेवढंच तू मागत होतीस.

मी बोलू शकले नाही. तू वाट बघितलीस, बराच वेळ. मग आत गेलीस आणि दार लोटून घेतलंस. जावईबापूंनी मला बसपर्यंत सोडलं. वाटभर माझी पिशवी त्यांनी धरली होती.

मी गप्प राहिले, कारण खरं उत्तर फार लाजिरवाणं आहे. धाकटे, मी पाहिलंच नाही.

पेटी दोरांवर खाली जात होती तेव्हा मी पेटीकडे बघत नव्हते. लोकांकडे बघत होते. पेटी सरळ गेली की एका बाजूनं कलली, वर ठेवलेली फुलं राहिली की घसरली, पहिली मूठ जावईबापूंनी टाकली की फादरांनी, मला यातलं काही सांगता येत नाही. मनाशी रचून सांगता आलं असतं. बसमध्ये तसा मोहही झाला. तुला दिलासा देणारं काहीतरी, ऊन पडलं होतं, पाखरू बसलं होतं, असलं काहीतरी. पण तुझ्याशी आणखी खोटं बोलायला मी धजावत नाही. तुझ्या लेकराचं शेवटचं दर्शन मी तुझ्याकडून काढून घेतलं आणि तिथेच कुठेतरी टाकून दिलं. ते मी तुला परत करू शकत नाही.

मी लोकांकडे का बघत होते, तेही सांगते. त्या खोलीची खिडकी दफनभूमीकडे उघडते. मी दार लावलं, खिडकीचं ध्यानात आलं नाही. तू खिडकीशी आली असणार, कारण तुझा आवाज तिथे येत होता. त्याचं नाव घेऊन ओरडत होतीस. मी म्हटलं ना, लाजेनं माझा जीव चालला होता. मी एकेकाकडे बघून डोळ्यांनी माफी मागत होते, की तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती भानावर नाही. फादरनी आवाज चढवून प्रार्थना म्हणून बघितली. जमेना. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि मान खाली घालून उभे राहिले. दोर सोडणारी माणसं एकमेकांना हळू, सावकाश म्हणतात, तीही काही म्हणाली नाहीत. कुणी खोकलंसुद्धा नाही. वरपासून खालपर्यंत, दोर वर ओढून घेईपर्यंत, तिथे दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

मातीचा आवाज मला आठवत नाही. तुझा आठवतो.

माझ्याजवळ तुला द्यायला एवढंच आहे. तो खाली गेला तेव्हा त्याच्याजवळ तूच होतीस. आम्ही बाकीचे नुसते उभे होतो.

ताई